देणगीदारांची यादी सरकारला कशासाठी हवी आहे? प्रत्यक्ष कर मंडळ आणि धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली
मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

31 मे जवळ आला की लहान संस्थांच्या कार्यालयांत एकच लगबग असते. कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी खजिनदारांच्या घरातले टेबल. वर्षभराची पावतीपुस्तके काढायची आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, रोख की ऑनलाइन, हे सगळे एका तक्त्यात भरायचे. पॅन-आधार नसेल तर पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्डाचा क्रमांक शोधायचा. मग ती फाइल प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर चढवायची. आम्ही याला 'टेन बीडी' म्हणतो. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क, भरलेच नाही तर 10 हजारांपासून 1 लाखापर्यंत दंड. मी अशा संस्थांचे ऑडिट करतो, त्यामुळे हा हंगाम मला चांगला ठाऊक आहे. (1 एप्रिल 2026 ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत. या पत्रात मी जुनेच वापरतो, आमच्या तोंडात तेच बसले आहेत.)

हा फॉर्म का आला, ते मला माहीत आहे. चेकने देणगी घ्यायची, देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी 80जीची पावती फाडायची आणि आपले कमिशन कापून बाकी रोखीने परत करायची, हा धंदा करणारे ट्रस्ट आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक होते. कोणी किती वजावट मागितली आणि संस्थेला खरोखर किती मिळाले, याची ताळेबेरीज करायला काही साधन हवेच होते. 2020 च्या वित्त कायद्याने ते आणले आणि 2021-22 या वर्षापासून ते सुरू झाले. तेवढ्यापुरती माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मर्यादेबद्दल, म्हणजे मर्यादा नसण्याबद्दल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29सी नुसार राजकीय पक्षाला 20 हजारांहून जास्त देणाऱ्याचेच नाव निवडणूक आयोगाला कळवावे लागते. त्याखालच्या देणगीदाराची वैयक्तिक माहिती पक्षाकडून कोणी मागत नाही. पण अनाथाश्रमाला 500 रुपये देणाऱ्या बाईंचे नाव, पत्ता आणि पॅन दरवर्षी दिल्लीला जातो. सत्ता मिळवण्यासाठी दिलेल्या पैशाला सूट आणि पोरांच्या दुधासाठी दिलेल्या पैशाला पंचनामा, हे गणित कोणत्या तर्काने मांडले, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

2018 साली निवडणूक रोखे आले तेव्हा सरकारची बाजू आठवून पाहा. देणगीदाराचे नाव उघड झाले तर विरोधी पक्ष सूड घेतील, म्हणून नाव झाकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयात सांगितले गेले. कोट्यवधी रुपये देणाऱ्या कंपन्यांच्या भीतीची सरकारला इतकी काळजी होती, त्याच काळात टेन बीडी लागू झाला आणि शंभर-पाचशेवाल्यांना काही भीती असू शकते, हा विचार कुठेच दिसला नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे रद्द केले, ते योग्यच झाले. मोठ्या पैशाने धोरण विकत घेता येते, तेव्हा मतदाराला ते कळले पाहिजे. पण त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट मान्य केली आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. देणगी हे पाठिंबा व्यक्त करण्याचे साधन असते, तीतून माणसाचा कल उघड होतो आणि त्या कलाला खासगीपणाचे संरक्षण आहे. 20 हजारांची मर्यादा हा मतदाराचा जाणण्याचा हक्क आणि लहान देणगीदाराचा खासगीपणा यांतला समतोल आहे, असेही त्यात म्हटले आहे. राजकीय पक्षाच्या देणगीदाराला हे संरक्षण मिळत असेल तर वृद्धाश्रमाच्या देणगीदाराला का नाही?

आता कोणी म्हणेल, वृद्धाश्रमाला पैसे दिल्याचे कोणाला कळले तर काय बिघडले? वृद्धाश्रमाच्या बाबतीत काहीच बिघडत नाही. उलट पुष्कळांना आपले नाव फरशीवर कोरलेले आवडते. पण सगळ्या संस्था वृद्धाश्रम नसतात.

घरच्यांच्या विरोधात लग्न केलेल्या जोडप्यांना आसरा देणाऱ्या संस्था आहेत. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांची निवारागृहे आहेत. एचआयव्ही झालेल्यांसाठी, समलिंगी आणि तृतीयपंथी तरुणांसाठी, व्यसनमुक्तीसाठी काम करणारे गट आहेत. वाळू उपशाविरुद्ध किंवा एखाद्या प्रकल्पाविरुद्ध हरित लवादात जाणारे आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे आहेत, आणि त्या कामाची किंमत काय असू शकते ते महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात पाहिले आहे. डॉ. दाभोलकर निदान उघडपणे मैदानात होते. अशा चळवळीला महिन्याला 200 रुपये पाठवणारा तालुक्यातला शिक्षक मैदानात उतरलेला नसतो आणि त्याला उतरायचेही नसते. त्याला आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावायचा असतो आणि गावात राहायचेही असते.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायची गरज पडू नये. जात पंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागलेले हे राज्य आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा तो 2016 चा अधिनियम 2017 पासून लागू आहे. गाव एखाद्याचे पाणी तोडते, कार्याला बोलावणे बंद करते, दुकानदाराला त्याला माल देऊ नको म्हणते, हे राज्याने कायद्याच्या भाषेत कबूल केले आहे. मग आंतरजातीय जोडप्यांच्या निवारागृहाच्या देणगीदारांची यादी नको त्या हातात पडली तर काय होईल, याचा अंदाज बांधायला संशोधन लागत नाही.

अशाच एका निवारागृहाच्या खजिनदारबाईंनी मला सांगितलेली गोष्ट. दरमहा हजार रुपये देणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना त्यांनी पॅन मागितला. मुख्याध्यापिकांनी विचारले, ही माहिती कुठे जाते? बाईंनी खरे ते सांगितले. पुढच्या महिन्यापासून पैसे येतात, पण पाकिटातून, रोख, पावती नको म्हणून. आता त्या पैशाची नोंद कशी करायची, हा प्रश्न बाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. नाव नोंदले नाही तर ती निनावी देणगी. स्वच्छ पैसा बँकेतून यावा म्हणून केलेल्या नियमाने स्वच्छ पैसा पाकिटात ढकलला, याची नोंद कोणत्याच फॉर्ममध्ये होत नाही.

निनावी देणगीचा विषय निघालाच आहे तर कलम 115बीबीसी पाहा. ते 2006 साली आले. ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर ते 30 टक्के कर लावते. एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख, यांतले जे जास्त असेल ती ही मर्यादा. पण निनावी कोणाला म्हणायचे? ज्या देणगीदाराचे नाव-पत्ता यांची नोंद संस्थेने ठेवलेली नाही, त्याची देणगी निनावी. म्हणजे 2006 सालच्या कायद्याला एवढेच हवे होते की संस्थेने नोंद ठेवावी. अधिकारी आला, शंका आली, तर वही उघडून दाखवावी. आम्ही ऑडिटर वर्षानुवर्षे हेच पाहत आलो: नोंद आहे का, पावतीशी जुळते का, बँकेत पैसे दिसतात का. वहीत नोंद ठेवणे आणि ती वही उचलून दरवर्षी सरकारच्या सर्व्हरवर नेऊन ठेवणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात सरकारला काही विचारायचे असेल तर आधी कारण लागते. दुसऱ्यात कारणाचा प्रश्नच उरत नाही, माहिती आधीच हातात असते.

याच कलमातून निव्वळ धार्मिक न्यासांना वगळले आहे, हेही जाता जाता. देवळाच्या पेटीत टाकलेल्या नोटेला कोणी नाव विचारत नाही. गुप्तदानाचा मान कायद्याने राखला, चांगलेच केले. तोच मान देवाच्या लेकरांना जेवू घालणाऱ्यांना मिळाला तर देवाची हरकत नसावी.

आणि सर्व्हरवर गेलेली माहिती तिथेच राहते असेही नाही. कलम 138 खाली प्राप्तिकर विभाग आपल्याकडची माहिती अधिसूचित केलेल्या इतर सरकारी यंत्रणांना देऊ शकतो. ती दिली गेली हे देणगीदाराला कळत नाही, संस्थेलाही कळत नाही. त्याआधी ती सीएसव्ही फाइल किती लॅपटॉपांवरून, किती कर सल्लागारांच्या व्हॉट्सॲपवरून फिरली हे विचारू नका. त्यात आमच्या व्यवसायाचाही दोष आहे, पण फाइलच बनवावी लागली नसती तर ती फिरलीही नसती.

धर्मादाय आयुक्त साहेब, आता आपल्या कार्यालयाकडे येतो.

आपल्याकडचा प्रश्न देणगीदारांपेक्षा सभासदांचा जास्त आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही येतात, त्यामुळे कार्यकारिणी बदलली की कलम 22 चा चेंज रिपोर्ट आला. दोन गट असले की वाद आला, आणि वाद आला की सभासदांची यादी प्रकरणात दाखल झाली. खरे सभासद कोण आणि निवडणुकीच्या आदल्या महिन्यात भरलेले बोगस कोण, हे ठरवायला ती लागतेच. संस्थेच्या सभासदाला संस्थेची यादी पाहता आली पाहिजे, याबद्दलही दुमत नाही. पण एकदा ती प्रकरणाच्या कागदांत शिरली की पत्ते आणि फोन क्रमांकांसह कायमची तिथेच राहते आणि शुल्क भरून नक्कल मागणाऱ्याच्या हातात जाऊ शकते. शिक्षण संस्थेच्या बाबतीत यातून फार तर निवडणुकीचे राजकारण होईल. एखाद्या युवक संघटनेच्या किंवा महिला गटाच्या बाबतीत ती यादी म्हणजे कोणाच्या घरी जाऊन दम द्यायचा, त्याचे पत्ते होतात.

विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे सभासद असणे आणि अशा संघटनेला आर्थिक मदत करणे, या दोन्ही गोष्टी त्यात शिक्षापात्र आहेत. त्या विधेयकाच्या गुणदोषांवर हे पत्र नाही. मुद्दा इतकाच की सभासदांची आणि वर्गणीदारांची यादी हा आता निरुपद्रवी कागद राहिलेला नाही. आज नोंदणीकृत असलेल्या संघटनेबद्दल उद्या सरकारचे मत बदलले तर कालच्या याद्या वाचायला किती वेळ लागेल? आणि हा प्रश्न केवळ आजच्या सरकारपुरता नाही. यादी एकदा बनली की ती पुढच्या प्रत्येक सरकारला आयती मिळते, आणि आज ज्यांना याची फिकीर वाटत नाही त्यांच्या आवडीच्या संघटना तेव्हा त्या यादीत असतील.

अशा याद्यांचे काय होते हे इतरांनी अनुभवले आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने 1956 साली कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेकडे सामान्य सभासदांची नावे मागितली. संघटनेने नकार दिला, न्यायालयाने 1 लाख डॉलरचा दंड ठोकला. नावे बाहेर गेली असती तर त्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, मारहाण झाली असती. 1958 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

आपल्या दृष्टीने जास्त उपयोगी आहे ती कॅलिफोर्नियाची. तिथल्या महाधिवक्त्याचे कार्यालय हे काहीसे आपल्या धर्मादाय आयुक्तालयासारखे काम करते. त्याने राज्यात निधी गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे मोठ्या देणगीदारांची यादी मागितली. मोठे म्हणजे साधारण 5 हजार डॉलरच्या वर देणारे. म्हणजे तिथेही मर्यादा होती. यादी गोपनीय ठेवू, असे आश्वासनही होते. प्रकरण न्यायालयात गेल्यावर कळले की अशा जवळपास 2 हजार गोपनीय याद्या त्या कार्यालयाच्याच संकेतस्थळावर कोणालाही दिसतील अशा पडून होत्या. त्यामागे कोणाचा डाव नव्हता, निव्वळ ढिलाई होती. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. आधीच गोळा करून ठेवलेल्या या याद्यांमुळे एखाद्या चौकशीला खरोखर मदत झाली, असे एकही ठोस उदाहरण राज्याला दाखवता आले नाही, असा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. घोटाळे उघडकीला येत ते तक्रारींमुळे आणि हिशेबांमुळे, आणि यादी लागलीच तर त्या एका संस्थेकडून मागवता येत होती. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती सक्ती रद्द केली. खटला भरणाऱ्या संस्था धनिकांच्या आणि उजव्या विचारांच्या होत्या, तरी त्यांच्या बाजूने एसीएलयू ही नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना आणि एनएएसीपीचा कायदा निधी यांनी निवेदन दिले. याद्यांचा चटका कोणाला बसतो हे त्यांना ठाऊक होते.

त्या निकालातले अल्पमतही मी गंभीरपणे घेतो. त्यांचे म्हणणे होते की बहुतेक देणगीदारांना काही धोका नसतो, ज्यांना असेल त्यांनी तो दाखवावा आणि सूट मागावी. ऐकायला रास्त वाटते. पण सूट मागायची म्हणजे सरकारकडे जाऊन सांगायचे की आमच्या देणगीदारांना अमुक लोकांपासून भीती आहे, आणि कधीकधी ती भीती सरकारचीच असते. लहान संस्थेला वकील परवडत नाही, तिला फक्त देणगीदार गळाल्याचे कळते.

आपल्याकडे न्यायाची मोजपट्टी तयार आहे. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो मर्यादित करायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. टेन बीडीला कायदा आहे, हेतू आहे. प्रमाण नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली आलाच की, असे कोणी सांगेल. त्या कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन खासगी कंपन्यांना आहे, सरकारी यंत्रणांना ते लागू नाही. शिवाय केंद्र सरकार राष्ट्रीय सुरक्षेसारख्या कारणांसाठी आपल्या यंत्रणांना अख्ख्या कायद्यातून सूट देऊ शकते. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) मधली जुनी भाषा काढून 'वैयक्तिक माहिती'ला सरसकट आडोसा दिला, त्याचा उपयोग नागरिकांपेक्षा अधिकाऱ्यांनाच जास्त होईल. तो बदल मला मान्य नाही, आणि या पत्राचा आधार घेऊन कोणी त्याचे समर्थन करू नये.

उलट, संस्थांनी काय लपवू नये, तेही लिहून ठेवतो. विश्वस्तांची नावे जाहीर असावीत. ऑडिट अहवाल, विश्वस्तांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार, त्यांना दिलेले मानधन, सरकारी अनुदान, जमिनींचे व्यवहार जाहीर असावेत. लोकांच्या पैशाचे संस्थेने काय केले, हे विचारण्याचा हक्क कोणालाही असावा. पैसे देणाऱ्याने मात्र जगाला हिशेब द्यायचा नसतो.

मंडळाकडे मागणे असे. टेन बीडीला राजकीय पक्षांइतकीच, म्हणजे 20 हजारांची मर्यादा लावा. त्याखालच्या देणग्यांची एकूण रक्कम आणि संख्या घ्या, नावे संस्थेच्या नोंदवहीत राहू द्या. वजावट मागणाऱ्याची देणगी तपासायची तर त्याच्या विवरणपत्रातल्या 80जीच्या तपशिलावरून संस्थेकडे विचारणा करा. संस्थेने ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही तर जरूर दंड करा. ज्याला वजावट नकोच आहे, त्याचा पॅन मागण्याचे कारण उरत नाही. कलम 138 खाली देणगीदारांची माहिती दुसऱ्या यंत्रणेला दिली तर कोणाला, कधी, कोणत्या प्रकरणासाठी दिली याची नोंद ठेवा, आणि पडताळणी संपल्यावर ती माहिती पुसण्याची मुदत ठरवा.

धर्मादाय आयुक्तांकडे मागणे त्याहून सोपे, त्यातल्या बऱ्याच गोष्टी परिपत्रकानेही होतील. सभासदांची यादी पाहायची तर निरीक्षकाने ती संस्थेत जाऊन पाहावी. वादात दाखल झालीच तर पत्ते, फोन आणि ओळख क्रमांक झाकलेली प्रत प्रकरणात लावावी, मूळ प्रत बंद ठेवावी. (सीलबंद लिफाफ्याची आपल्याकडे बरी ख्याती नाही हे मान्य, पण इथे तो सरकारऐवजी सभासदासाठी आहे.) त्रयस्थाने नक्कल मागितली तर संस्थेला आधी नोटीस द्यावी. माहिती अधिकाराच्या कलम 11 मध्ये त्रयस्थ व्यक्तीला म्हणणे मांडायला 10 दिवस मिळतात, तेवढे इथेही मिळावेत.

हे सगळे ठरवायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. तोवर एक काम या महिन्यातही होण्यासारखे आहे. 2021-22 पासून जमा झालेल्या टेन बीडीच्या याद्या पाहून वजावटीचे किती खोटे दावे पकडले गेले, त्यांतले 20 हजारांखालचे किती होते, आणि या याद्या इतर किती यंत्रणांना किती वेळा दिल्या गेल्या, हे मंडळाने जाहीर करावे. आम्हाला त्यातले एकही नाव नको, फक्त आकडे द्या.

आपला विश्वासू,
लहान संस्थांचे हिशेब तपासणारा एक लेखापरीक्षक